‘ती तर शांत बसते’ : सहावीतल्या एका मुलीचं एडीएचडी निदान

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून आलेली ११ वर्षांची मुलगी. सेमी इंग्रजी, सहावी. बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीत एकच ओळ होती : ‘अभ्यासात मागे, मध्येच टक लावून बसते, फिट्सची शंका.’ आईची तक्रार निराळी होती. ‘हिची स्मरणशक्ती कमी आहे, मॅडम. घरी सगळं येतं आणि पेपरात काहीच लिहीत नाही.’ स्मरणशक्तीसाठीच्या टॉनिकच्या दोन बाटल्या संपून तिसरी सुरू होती. एडीएचडी, म्हणजे ‘अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर’, लक्षाच्या कमतरतेचा आणि अतिचंचलतेचा विकार, हा शब्द त्या दिवशी काढला तो सोबत आलेल्या मामाने. त्याने मोबाईलवर रील्स पाहिल्या होत्या, दहा प्रश्नांची एक चाचणी भाचीच्या वतीने सोडवली होती आणि त्याच्यापुरता निकाल लागलेला होता.

ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत, आणि याच वाटेने आलेल्या आणखी काही मुलींच्या नोंदीही यात मिसळल्या आहेत. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. मुलाखती, चाचण्या, शाळेशी बोलणं हे माझं काम. निदानावर शेवटचं शिक्कामोर्तब आणि औषध हे बालमनोविकारतज्ज्ञांचं. हे प्रकरण लिहायला घेतलं, कारण यात दोन्ही बाजूंनी फसायला जागा होती. जे आहे ते नजरेतून सुटू शकत होतं, आणि जे नाही ते आहे असंही वाटू शकत होतं.

घरातली मतं

घरात वादाला तोंड फुटलं ते पाचवीच्या शिष्यवृत्तीवरून. सराव पेपरांत मुलगी बरी होती. खऱ्या परीक्षेत एक गणित तिने ‘नंतर बघू’ म्हणून सोडलं, पण उत्तरपत्रिकेवरचा त्याचा गोल काही सोडला नाही. पुढची सगळी उत्तरं एकेक ओळ वर सरकली. प्रश्नपत्रिकेवरच्या तिच्या खुणांवरून जेवढे गुण यायला हवे होते, त्याच्या निम्मेही आले नाहीत. ‘शेवटी एक गोल उरला होता, पण तेवढ्यात घंटा झाली,’ हे ती अगदी सहज सांगते. उरलेला गोल पाहून काहीतरी चुकलंय हे तिला कळलं होतं. कुठून चुकलं ते शोधायला वेळ उरला नव्हता.

वडिलांच्या मते हा मोबाईलचा परिणाम. आईच्या मते स्मरणशक्ती. आजीला यातलं काहीच मान्य नव्हतं : ‘हिचा बाप बी असाच हुता की. दप्तर इसरून शाळंत जायचा. आता दुकान चालवतोयच न्हवं?’ काळजीचं कारण नाही, याचा पुरावा म्हणून हे वाक्य घरात फिरत होतं. माझ्याकडे ते कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात गेलं. जुळ्यांच्या अभ्यासांतून एडीएचडीची आनुवंशिकता ७० ते ८० टक्क्यांच्या घरात असल्याचं वारंवार दिसलं आहे. या आकड्याचा अर्थ मात्र नीट घ्यायला हवा. लोकसंख्येत माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला किती भाग जनुकांकडे जातो, एवढंच तो सांगतो. बापाला असलं तर मुलीला होण्याची शक्यता ७५ टक्के, असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय बापाला ते आहे असं कोणी तपासलेलं कुठे होतं?

मोबाईलचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नव्हता. मुलगी रात्री साडेअकरापर्यंत व्हिडिओ बघत जागी असायची, आणि अपुरी झोप कोणाच्याही एकाग्रतेची वाट लावते. पण मोबाईल कारण असेल, तर तो हातात येण्याआधी सगळं सुरळीत असायला हवं. तो पुरावा शोधायचा होता.

निकष काय मागतात

निदानासाठी आपल्याकडे प्रामुख्याने दोन ग्रंथ वापरतात : अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेचं डीएसएम, ज्याची पाचवी आवृत्ती २०१३ साली आली, आणि जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी, ज्याची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. डीएसएममध्ये लक्ष न टिकण्याची नऊ लक्षणं आहेत आणि अतिचंचलता-उतावळेपणाची नऊ. मुलांमध्ये यांपैकी एका तरी गटातली किमान सहा लक्षणं सहा महिने सतत दिसायला हवीत. १७ वर्षांपुढे पाच पुरतात. म्हणजे अतिचंचलतेचं एकही लक्षण नसताना निदान होऊ शकतं. ‘एडीएचडी म्हणजे घरभर उड्या मारणारा मुलगा’ हे चित्र आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय, की शांत मुलगी समोर आली की निम्मे लोक तिथेच विषय सोडून देतात.

लक्षणं मोजून काम संपत नाही. त्यांतली काही वयाच्या १२ वर्षांआधीपासून हवीत. ती घर, शाळा, शिकवणी अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. त्यांच्यामुळे रोजच्या जगण्यात खरोखर अडचण होत असायला हवी. आणि सगळ्यांत कष्टाचं म्हणजे, दुसऱ्या कशाने त्यांचा अधिक चांगला उलगडा होत नाही याची खात्री हवी. मामाच्या दहा प्रश्नांत यातलं फक्त पहिलं, म्हणजे लक्षणांची मोजदाद होती. हा मामा पुढे फार उपयोगी पडला, म्हणून त्याच्यावर मी जास्त टीका करणार नाही.

आईचा फॉर्म आणि बाईंचा फॉर्म

एडीएचडीची लक्षणं किती वेळा दिसतात हे विचारणारी वॅन्डरबिल्ट प्रश्नावली आईकडून आणि वर्गशिक्षिकेकडून भरून घेतली. आईच्या फॉर्ममध्ये लक्षाशी निगडित नऊपैकी आठ लक्षणं ‘बरेचदा’ किंवा ‘फार वेळा’. बाईंच्या फॉर्ममध्ये दोन. खाली शेरा : ‘गुणी मुलगी. त्रास देत नाही. थोडी स्वप्नाळू.’

इथे दोन सोपे रस्ते असतात. आईला अतिकाळजी आहे म्हणून तिचा फॉर्म बाजूला ठेवायचा, नाहीतर बाईंचं लक्ष नाही म्हणून त्यांचा. दोन्ही टाळावेत. आई-वडील आणि शिक्षक एकाच मुलाविषयी सारखं सांगत नाहीत, ही जुनी आणि भक्कम माहिती आहे. टॉमस आकेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली ११९ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पालक-शिक्षकांसारख्या वेगवेगळ्या भूमिकांतल्या माणसांच्या मतांमधला सरासरी सहसंबंध ०.२८ एवढाच निघाला (मतं पूर्ण जुळली तर हा आकडा १ येतो, काहीच मेळ नसेल तर ०). मूल दोन ठिकाणी खरोखरच निराळं वागत असतं, आणि बघणाऱ्याच्या मनात आधीच काही ठरलेलं असतं. या दुसऱ्या गोष्टीचा १९९४ सालचा एक प्रयोग मी पालकांना आवर्जून सांगते, कारण ‘चॉकलेटं बंद करू का?’ हा प्रश्न हमखास येतो. हूवर आणि मिलिच या संशोधकांनी काही मातांना ‘तुमच्या मुलाला साखर दिली आहे’ असं सांगितलं. प्रत्यक्षात साखरेऐवजी नुसतं गोड लागणारं ॲस्पार्टेम दिलं होतं. तरीही त्या मातांना आपली मुलं जास्त चंचल वाटली. पुढच्याच वर्षी या विषयावरच्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हाही साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम दिसला नाही. चॉकलेटं दातांसाठी कमी करा, एवढंच माझं उत्तर असतं.

तर बाईंशी फोनवर बोलले. वर्गात साठच्या आसपास मुलं. ही दुसऱ्या रांगेत, कधी बोलत नाही, विचारलं की मान डोलावते. ‘प्रश्न विचारला तर उत्तर देते का?’ या प्रश्नावर बाई थांबल्या. मग म्हणाल्या, ‘खरं सांगू का, तिला मी फारसं विचारतच नाही. जी दंगा करतात त्यांच्यातच तास जातो.’ बाईंचा फॉर्म खोटा नव्हता. त्यांना जेवढं दिसलं होतं तेवढंच त्यात होतं.

मग मामा कामाला लागला. पाचवीच्या बाई आता दुसऱ्या गावी बदलून गेल्या होत्या. त्यांचा नंबर त्याने मिळवला, फॉर्म पोचवला आणि भरून परत आणला. त्यात सहा लक्षणं होती. त्या बाईंनी एक गोष्टही लिहिली, जी घरात कोणालाच माहीत नव्हती. पाचवीपर्यंत ही मुलगी एका ठरावीक मैत्रिणीशेजारी बसायची. कितवं पान, कुठलं गणित, उद्या काय आणायचं, सगळं ती मैत्रीण सांगायची. सहावीत तुकड्या बदलल्या, मैत्रीण दुसऱ्या वर्गात गेली. विषयागणिक शिक्षकही वेगळे झाले. ‘आत्ता आत्तापर्यंत बरी होती, अचानक बिघडली’ असं घरच्यांना वाटत होतं, त्यामागे हे होतं. अडचण जुनीच होती. तिला सावरणारी माणसं बाजूला झाली आणि मागण्या वाढल्या. हुशार मुलींमध्ये हे असं सहावीत, आठवीत, कधी थेट कॉलेजच्या वसतिगृहात गेल्यावर उघड्यावर येतं.

वह्या

आजीने सगळ्या वह्या जपून ठेवल्या होत्या, अगदी पहिलीपासूनच्या. प्रश्नावल्यांपेक्षा मला या वह्यांचा आधार जास्त वाटला.

पहिलीची वही जून २०१९ ची, म्हणजे मुलगी सहा वर्षांची. अक्षरांच्या ओळी पहिली दोन-तीन अक्षरं सुबक, मग घसरत गेलेल्या, निम्म्यात सोडून दिलेल्या. मध्येच पानं कोरी. कोपऱ्यात लाल शाईत ‘अपूर्ण’, ‘लक्ष दे’, पुन्हा ‘अपूर्ण’. गणिताच्या वहीत एका पानावर दहा वजाबाक्या. पहिल्या तीन बरोबर, चौथीपासून सगळ्या बेरजा, आणि त्या बेरजा अचूक. वजाबाकी येत नसती तर पहिल्या तीन चुकल्या असत्या. शेवटच्या पानांवर मोर, वेलबुट्टी, रांगोळीचे ठिपके. हे सगळं मार्च २०२० च्या आधीचं. त्या घरात तेव्हा एकच साधा फोन होता. मोबाईल हे मूळ कारण नसल्याचा याहून चांगला पुरावा मिळाला नसता.

त्यानंतर खिंडार. दुसरी पूर्ण आणि तिसरीचा बराच भाग टाळेबंदीत गेला. या वर्षांच्या वह्या जवळजवळ नाहीतच, आणि असत्या तरी त्यांवरून काही ठरवता आलं नसतं. त्या काळात वर्गातल्या कुठल्याच मुलाचं लक्ष ऑनलाइन तासाला नव्हतं. आज सहावी-सातवीत असलेल्या मुलांची तपासणी करताना ही पोकळी सतत आडवी येते. वाचन कच्चं दिसलं तर ते शिकायलाच न मिळाल्यामुळे की मुळात अडचण आहे म्हणून, हे सांगणं अवघड होऊन बसतं.

चौथी-पाचवीच्या प्रगतिपुस्तकांत ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात ‘काम वेळेत पूर्ण करत नाही’, ‘सूचना लक्षपूर्वक ऐकत नाही’ अशा वर्णनात्मक नोंदी होत्या. यांवर मी फार भार टाकला नाही. या नोंदी बरेचदा तयार याद्यांमधून उतरवलेल्या असतात, हे शिक्षकही हसत मान्य करतात. वहीतला लाल शेरा मात्र त्या दिवशी, त्या पानासाठी लिहिलेला असतो.

दुसरं काही तर नाही?

टक लावून बसण्याचा प्रश्न आधी सोडवायला हवा होता. लहान मुलांत ॲबसेन्स नावाचा फिटचा एक प्रकार असतो. मूल बोलता बोलता, घास घेता घेता काही सेकंद थिजतं, पापण्या फडफडतात, आणि मग जणू काही झालंच नाही असं पुढे सुरू होतं. वर्गात याला सर्रास ‘लक्ष नाही’ म्हटलं जातं. यात हाक मारून, हात लावूनही मूल भानावर येत नाही. ही मुलगी खांद्याला हात लावला की लगेच ‘काय?’ म्हणायची, आणि तिचं हरवणं नेहमी कंटाळवाण्या कामातच व्हायचं, खेळताना कधीच नाही. तरी मेंदूरोगतज्ज्ञांनी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढला, जोरजोरात श्वास घ्यायला लावून, कारण ॲबसेन्स असेल तर आलेखावर सेकंदाला तीन या लयीच्या लाटा बहुधा तेव्हाच उमटतात. ईईजी स्वच्छ आला. वडिलांनी विचारलं, ‘म्हणजे एडीएचडी पण नाही?’ ईईजीने फिट्सची शंका दूर केली, बाकी काही सांगितलं नाही. एडीएचडी दाखवणारा ईईजी, एमआरआय किंवा रक्ताची तपासणी आज दवाखान्यात उपलब्ध नाही, आणि कोणी तसं पॅकेज विकत असेल तर पैसे वाचवावेत.

कान, डोळे, थायरॉइड ठीक होते. हिमोग्लोबिन ९.८ निघालं, शरीरातला लोहाचा साठाही कमी. आपल्याकडच्या मुलींत हे इतकं सर्रास आढळतं की त्याकडे काणाडोळा होतो. पण लोहाच्या कमतरतेनेही थकवा येतो आणि लक्ष उडतं. म्हणून बालमनोविकारतज्ज्ञांनी निदान लगेच केलं नाही. तीन महिने लोहाच्या गोळ्या आणि रात्री दहाला मोबाईल आजीच्या ताब्यात, एवढंच सांगून पाठवलं. मामाला हा वेळकाढूपणा वाटला. माझ्या मते हे तीन महिने तपासणीचाच भाग होते. मुलगी परत आली तेव्हा चेहऱ्यावर तरतरी होती, सकाळी उठायला कुरकुर नव्हती, हिमोग्लोबिन वाढलं होतं. वह्या तशाच होत्या.

बुद्धिमापनात ती सरासरीच्या वरच्या अंगाला आली. आपल्या भागात मराठी माध्यमाच्या मुलांसाठी बिनेट-कामत चाचणी अजून बरीच वापरात आहे. व्ही. व्ही. कामत यांनी मूळ बिनेट चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली, तीही स्वातंत्र्याच्या आधी. तिच्या मर्यादा ठाऊक आहेत, पण मुलगी मंद आहे का, या घरच्यांच्या मनातल्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला ती पुरेशी होती. चाचणीच्या वेळी ती छान बसली. तासभर एकदाही उठली नाही, सूचना नीट ऐकल्या. शांत खोली, नवं साहित्य, समोर फक्त तिच्याचसाठी बसलेलं एक मोठं माणूस. अशा वेळी एडीएचडी असलेली बरीच मुलं उत्तम वागतात. ‘डॉक्टरांसमोर तर नीट बसला’ एवढ्यावरून निदान नाकारलेली मुलं मी पाहिली आहेत.

चिंता होती. गणिताच्या पेपरच्या सकाळी पोट दुखायचं, नखांभोवतीची साल सोलून बोटं लाल झालेली असायची. चिंतेनेही लक्ष उडतं, म्हणून क्रम तपासला. पोटदुखी चौथीनंतरची, अर्धवट वह्या पहिलीपासूनच्या. ती स्वतः म्हणाली ते इथे जसंच्या तसं देते : ‘मी ऐकत असते. मग ऐकणं बंद होतं. कधी बंद झालं ते मला कळत नाही. बाई माझ्याकडे बघायला लागल्या की कळतं.’ इतकी वर्षं असं पकडलं जात राहिल्यावर पेपरच्या दिवशी पोट दुखणारच.

निदान, आणि त्यानंतरचे प्रश्न

निदान झालं ते असं : एडीएचडी, प्रामुख्याने लक्ष न टिकण्याचं स्वरूप, मध्यम तीव्रता, जोडीला परीक्षेशी निगडित चिंता, वाचन-लेखनाच्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेबाबत निर्णय राखून ठेवलेला.

वडिलांचा पहिला प्रश्न मला नेहमीच रास्त वाटतो. ‘गोष्टीची पुस्तकं ही तासन्‌तास वाचते. रांगोळी काढायला बसली तर जेवायचं विसरते. मग लक्ष नाही कसं म्हणता?’ नावात ‘लक्षाची कमतरता’ असल्यामुळे हा गोंधळ होतो. या मुलांकडे लक्ष असतं. ते हवं तिथे लावणं आणि नको तिथून काढून घेणं त्यांना जमत नाही. जे नवं आहे, आवडीचं आहे, ज्याचं फळ तिथल्या तिथे मिळतं, त्याला ते आपसूक चिकटतं. उताऱ्यावरच्या प्रश्नांसारखं काम, ज्याचं फळ आठवड्याने लाल खुणेच्या रूपात येतं, त्याच्यासाठी ते ओढून आणावं लागतं, आणि ही ओढण्याची यंत्रणाच कच्ची असते. ‘आवडीचं असलं की बरोबर जमतं’ हे आळसाचं लक्षण मानलं जातं. निदान करणाऱ्याच्या दृष्टीने तो नेहमीचा नमुना आहे.

हे अलीकडचं खूळ आहे का, हेही त्यांनी विचारलं. लंडनच्या जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने १९०२ साली अशा मुलांवर व्याख्यानं दिली होती. ‘अतिचंचलतेशिवाय लक्षाची कमतरता’ हा स्वतंत्र प्रकार १९८० च्या डीएसएममध्ये नाव घेऊन होता. १९८७ साली नाव बदललं आणि चंचलता थेट नावातच जाऊन बसली. शांत मुली नजरेआड होण्यात या नामकरणाचाही हातभार असावा असं मला वाटतं.

पण मामाच्या उत्साहालाही आवर घालणं भाग होतं, कारण जिथे निदान सर्रास होतं तिथे त्याचा अतिरेकही होतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातला २०१२ सालचा अभ्यास यासाठी वाचण्यासारखा आहे. तिथे शाळाप्रवेशाची सीमारेषा ३१ डिसेंबर. नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींत दिसलं की डिसेंबरात जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सगळ्यांत लहान असलेल्या मुलग्यांना एडीएचडीचं निदान मिळण्याचं प्रमाण जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त होतं, आणि मुलींमध्ये तर ७० टक्क्यांनी. वर्गाच्या मानाने वय कमी, एवढ्यावरून मूल आजारी ठरत होतं. आपल्याकडेही मुलांना लवकर शाळेत घालायची घाई असतेच. म्हणून मी जन्मतारीख वर्गाच्या हिशेबात बघते. ही मुलगी मार्चची, वर्गात वयाने मधली.

‘मोठी झाली की जाईल ना?’ हे आजीने विचारलं. धावपळ वयानुसार बरीच ओसरते. लक्षाची अडचण अनेकांत मोठेपणीही राहते, कमी-जास्त होत. अमेरिकेत २००७ साली झालेल्या एका मोठ्या मेंदूचित्रण अभ्यासात, एडीएचडी असलेल्या मुलांत मेंदूच्या बाह्य थराची वाढ त्याच क्रमाने पण सरासरी सुमारे तीन वर्षं उशिरा होत असल्याचं दिसलं होतं. हे मी सांगते, पण लगेच जोडते की ही गटाची सरासरी आहे. तुमच्या मुलीचा स्कॅन काढून यातलं काही दिसणार नाही.

खरी भीती शेवटी बाहेर आली, तीही आईने मला बाजूला घेऊन विचारली तेव्हा. ‘कागदावर लिहायलाच लागतं का? उद्या स्थळं बघताना कोणी काढलं तर?’ वय ११, आणि आईच्या मनात लग्न. यावर हसणं सोपं आहे. पण ज्या गावात मनोविकारतज्ज्ञाच्या दारात दिसणं हीच बातमी होते, तिथे हा व्यवहारी प्रश्न आहे. दवाखान्यातली नोंद गोपनीय राहते, शाळेला फक्त गरजेच्या सोयींचं पत्र जातं आणि तेही पालकांच्या संमतीने, असं ठरलं. पत्रात काय लिहायचं ते आईसमोर बसूनच लिहिलं.

उपचार

औषधाला आधी नकार आला. ‘गोळ्यांची सवय लागेल.’ एडीएचडीवर दिलं जाणारं मेथिलफेनिडेट हे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतलं औषध आहे. चिठ्ठीशिवाय मिळत नाही, तालुक्याच्या दुकानात बहुधा ठेवलेलंच नसतं, मिरजेला किंवा कोल्हापूरला जावं लागतं. हे ऐकून भीती वाढते, यात नवल नाही. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली मुलांनी घेतलेल्या अशा औषधांमुळे पुढे व्यसनाचा धोका वाढल्याचं मोठ्या आढाव्यांत दिसलेलं नाही. भूक मंदावणं, झोप उशिरा येणं, नाडी आणि रक्तदाब किंचित वाढणं, उंचीच्या वाढीवर थोडा परिणाम, हे मात्र होऊ शकतं आणि ते मोजत राहावं लागतं.

सुरुवात शाळेपासून केली. पुढच्या बाकावर, खिडकीपासून दूर, जुन्या मैत्रिणीच्या तुकडीत. एका वेळी एकच सूचना आणि ती फळ्यावरही. दहाऐवजी पाच गणितं, पण पूर्ण. गृहपाठ वहीत उतरवला की नाही ते शेवटच्या तासाला बाईंनी नुसतं बघायचं. मुख्याध्यापकांनी तुकडी बदलायला खळखळ केली, मग मान्य केलं. घरी आजीने एक युक्ती काढली ती माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही : ती भाजी निवडत समोर बसायची आणि मुलगी तिला प्रत्येक गणित मोठ्याने सांगत सोडवायची. आजीला गणित कळत नव्हतं. पण कोणीतरी समोर आहे, एवढ्यानेच काम पुढे सरकत होतं.

दोन महिन्यांत पोटदुखी कमी झाली, वह्या थोड्या भरल्या. वर्गातलं लेखन मात्र अर्धवटच राहत होतं. मग वडील स्वतःच म्हणाले, ‘गोळी सुरू करून बघू, नाही पटली तर बंद करू.’ एडीएचडीवरच्या उपचारांची तुलना करणाऱ्या, अमेरिकेतल्या ५७९ मुलांच्या १९९९ सालच्या एमटीए अभ्यासात १४ महिन्यांनंतर, मूळ लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेल्या औषधाचा परिणाम नुसत्या वर्तनोपचारापेक्षा जास्त दिसला होता. पुढच्या वर्षांत हा फरक विरत गेला, हेही त्याच अभ्यासाने दाखवलं. दोन्ही गोष्टी पालकांना सांगितल्या.

वेळेचं गणित इथे महत्त्वाचं ठरलं. कमी काळ टिकणाऱ्या गोळीचा परिणाम तीन-चार तास. शाळा ११ ते ५. सकाळी आठला नाश्त्याबरोबर घेतलेली गोळी पहिल्या-दुसऱ्या तासालाच संपत होती आणि दुपारभर काहीच उरत नव्हतं. आठवडाभर ‘गोळीने फरक नाही’ असं घरी वाटलं ते त्यामुळे. मग जास्त वेळ टिकणारा प्रकार साडेदहाला, जेवून निघताना, असं बसवलं. मधल्या सुट्टीचा डबा तसाच परत यायला लागला. त्याची भरपाई सकाळच्या आणि रात्रीच्या जेवणात केली. वजन दर महिन्याला नोंदवतात.

वार्षिक परीक्षेत गणितात ती पास झाली, चांगल्या गुणांनी नव्हे. निबंध पहिल्यांदा पूर्ण लिहिला. लिहिण्याचा वेग अजून कमीच आहे. दप्तरात पट्टी नसते ती नसतेच.

वडिलांनी मोठ्यांसाठीची प्रश्नावली मागून घेतली, भरली, आणि मग तपासणीला नको म्हणाले. दुकानाच्या उधारीची वही बायकोच लिहिते, चालतंय, असं त्यांचं म्हणणं. लक्षणं मोजली तर पाचाच्या वर जातात, पण अडचण होत नसेल तर निदानाचा आग्रह धरायला माझ्याकडे आधार नाही. मुलीच्या आईंना काय वाटतं ते त्यांनी विचारलं नाही, मी विचारलं. त्या नुसत्या हसल्या.

दहावीला सवलत मिळेल का, हा मामाचा ताजा प्रश्न आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे वाचन-लेखनाबाबत राखून ठेवलेला निर्णय आता महत्त्वाचा झाला आहे. शिकायला मिळालेल्या वर्षांचा पाया थोडा भक्कम झाल्यावर, आठवीच्या पहिल्या सहामाहीत ती चाचणी पुन्हा घ्यायची आहे. प्रमाणपत्राचा अर्ज तोवर थांबवला आहे.